तांदळातलं नाव

लग्न लागतं, वरात घरी येते, नवी सून माप ओलांडून आत पाऊल टाकते. लक्ष्मीपूजन होतं. मग तबकात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. पेढे वाटले जातात, आत्या-मावश्या नाव वाचून मान डोलावतात. सकाळी ते तांदूळ पुन्हा डब्यात जातात. नाव मात्र हळूहळू कागदांवर उतरू लागतं. आधी आधार कार्ड, मग बँकेचं पासबुक, मग रेशनकार्ड. कुठे नुसतं आडनाव बदलतं, कुठे वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, तर काही घरांत पहिलं नावसुद्धा.

नवऱ्याबरोबर परदेशी राहायला निघालेल्या मराठी मुलीच्या व्हिसाची गोष्ट या तबकापासून सुरू होते, असं माझं ठाम मत झालं आहे. माझ्या धाकट्या बहिणीची फाइल मी माझ्या हाताने लावली, तेव्हापासून.

तिचा नवरा जर्मनीत, स्टुटगार्टजवळ इंजिनिअर. लग्न साताऱ्याकडे झालं, आणि महिन्याभरात तो परत गेला. तिने मागून जायचं ठरलं. एका रविवारी आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. जन्मदाखला आजोळच्या ग्रामपंचायतीचा, कारण तिच्या वेळचं बाळंतपण आईच्या माहेरी झालं. त्यात नावाच्या रकान्यात काहीच नाही. लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’, एवढीच तिची ओळख. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव. पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी. पासपोर्ट कॉलेजात असताना काढलेला, माहेरच्या नावाचा. लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ पुढे आजीने ठेवलेलं लाडकं नाव, जे इतर कुठल्याच कागदावर नाही. विवाह नोंदणीच्या दाखल्यात नवऱ्याच्या आडनावाच्या इंग्रजी हिज्ज्यात एक अक्षर जास्त. आणि लग्नानंतर पंधरा दिवसांत, कुणीतरी सांगितलं म्हणून, आधार कार्डावर सासरचं नाव.

ती बराच वेळ त्या कागदांकडे बघत बसली. म्हणाली, “ताई, ही सगळी मीच आहे, हे मी आता कुणाला पटवून देऊ?”

व्हिसा देणारा अधिकारी तुमच्या लग्नाला आलेला नसतो. त्याने अंतरपाट पाहिलेला नाही, अक्षता टाकलेल्या नाहीत. त्याच्यासमोर असते ती फक्त कागदांची साखळी: ही मुलगी जन्मली, हिचं हे नाव, हिचं याच माणसाशी लग्न झालं, आणि हा माणूस आमच्या देशात कायदेशीर राहतो. साखळीतली एक कडी तुटली की संशय सुरू होतो. अर्जदाराला वाटतं, आपलं लग्न खरं आहे तर भीती कसली. पण व्हिसाच्या खिडकीवर खरेपणा मोजायचं एकच माप आहे, आणि ते कागदाचं आहे.

हे माप आजचं नाही. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत, केपच्या न्यायालयात, न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी एक निकाल दिला. तिथे राहणाऱ्या हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिंदुस्थानातून नवऱ्याकडे आली होती. तिला उतरू दिलं गेलं नाही. न्यायालय म्हणालं, ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना मुभा आहे त्या धर्माच्या पद्धतीने लागलेलं लग्न इथे ग्राह्य नाही. एका वाक्यासरशी तिथल्या हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. नामदार गोखले त्याच्या आदल्याच वर्षी, १९१२च्या अखेरीस, दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते. तिथल्या हिंदी लोकांवरच्या तीन पौंडांच्या कराचा प्रश्न त्यांनी हाती घेतला होता. आता त्यात लग्नाचा प्रश्न मिळाला. सप्टेंबर १९१३मध्ये कस्तुरबा गांधीजींनी पुकारलेल्या सत्याग्रहात उतरल्या आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. वलिअम्मा ही सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून आजारी होऊन बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४मध्ये वारली. गोखल्यांनी इकडे तब्येत ढासळलेली असताना पैसा उभा केला. १९१४च्या कायद्याने अखेर एका पत्नीशी झालेलं हिंदी लग्न मान्य झालं आणि तीन पौंडांचा करही गेला. आपल्याकडे ही लढाई गांधीजींच्या चरित्रातला एक टप्पा म्हणून शिकवली जाते. मला ती बायको म्हणून दारात उभं राहण्याच्या हक्काची लढाई वाटते.

त्याच काळात कॅनडाने पंजाबी कामगारांना ठेवून घेतलं, पण त्यांच्या बायकामुलांना येऊ दिलं नाही. ती बंदी १९१९मध्ये उठली.

आणि दारातला संशय कुठवर जाऊ शकतो, हे जानेवारी १९७९मध्ये हीथ्रो विमानतळावर दिसलं. त्या वेळी ब्रिटनचा नियम असा होता की लग्न करायला येणाऱ्या वाग्दत्त वधूला आधी व्हिसा लागत नसे, पण बायकोला लागे. पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी उतरली. ती खरंच अविवाहित आहे का, हे पाहण्यासाठी तिची कौमार्य चाचणी केली गेली. १ फेब्रुवारीला ‘गार्डियन’ने बातमी छापली, भारत सरकारने निषेध नोंदवला आणि ती पद्धत बंद झाली. पुढे २०११मध्ये सरकारी अभिलेखांतून किमान ऐंशी स्त्रियांच्या अशा तपासणीची नोंद बाहेर आली. त्या तपासण्या बहुतेक भारतातल्याच ब्रिटिश कचेऱ्यांत झाल्या होत्या.  त्या शिक्षिकेच्या शब्दावर विश्वास ठेवायची कुणाची तयारी नव्हती.

आज अशी अमानुष तपासणी होत नाही. पण प्रत्येक देश लग्नाला आपापला प्रश्न विचारतोच.

ब्रिटन विचारतं, तुम्ही कमावता किती? ९ जुलै २०१२पासून तिथे नियम आला की ब्रिटिश नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला परदेशी जोडीदार आणायचा असेल तर वर्षाला किमान १८,६०० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागेल. त्या आकड्याखाली कमावणाऱ्यांत दुकानांत, रुग्णालयांत, शाळांच्या स्वयंपाकघरांत राबणारे लोक होते, आणि त्यांत बायका जास्त होत्या. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायालयाने सांगितलं की उत्पन्नाची अट तत्त्वतः कायदेशीर आहे, पण नियमांत मुलांच्या हिताचा नीट विचार झालेला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या अहवालात या नियमाचा फटका बसलेल्या मुलांचा अंदाज किमान पंधरा हजार होता. आई किंवा बाबा पडद्यावरच भेटणाऱ्या अशा घरांना ‘स्काइप फॅमिली’ असं नाव पडलं. ११ एप्रिल २०२४पासून तो आकडा २९,००० झाला. उत्पन्न नसेल आणि केवळ बचतीवर अर्ज करायचा असेल, तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात दिसावे लागतात. विद्यार्थ्यांसाठी दार आणखी अरुंद झालं. १ जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांत, संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्त्या वगळता, जोडीदार आणि मुलं सोबत नेता येत नाहीत. पुण्यात, नागपुरात, संभाजीनगरात एजंटकडे पैसे भरताना हे वाक्य स्पष्ट विचारून घ्यावं. लग्न झालेल्या कितीतरी मुलांना ते फार उशिरा कळतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण तिने अनेक संसार जोडले. सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक आणि त्यांची ब्रिटिश पत्नी, दोघं १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले. पुढे पतीच्या राहण्यावरून खटला झाला. ७ जुलै १९९२ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला: जो नागरिक युरोपातल्या दुसऱ्या देशात काम करून मायदेशी परततो, त्याच्या जोडीदारालाही युरोपीय कायद्यानेच प्रवेश मिळाला पाहिजे. त्यामुळे वर्षानुवर्षं अनेक ब्रिटिश जोडपी आधी आयर्लंडला किंवा स्पेनला जाऊन काम करत आणि मग या वाटेने घरी येत. याच कायद्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट असलेला गोंयकार इंग्लंडातल्या स्विंडनला जाऊन बायकोला तुलनेने सहज बोलावू शकत होता, आणि शेजारच्या घरातल्या ब्रिटिश माणसाला मात्र पगाराच्या पावत्या मोजाव्या लागत होत्या. २०२०च्या अखेरीला, ब्रेक्झिटनंतर, नव्याने येणाऱ्यांसाठी ती सोय संपली. गोव्याचा उल्लेख निघालाच आहे तर हेही सांगते: पोर्तुगीज काळापासून तिथे लग्नाची दिवाणी नोंदणी आधी होते आणि देवळातलं किंवा चर्चमधलं लग्न मग. त्यामुळे गोव्याच्या फायलीत लग्नाचा कागद हमखास असतो. आपण घाटावर अजून मंगल कार्यालयाच्या पावतीलाच पुरावा समजतो.

अमेरिकेचा प्रश्न वेगळा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला एच-फोर हा जोडीदाराचा व्हिसा मिळायला तुलनेने अडचण कमी. विवाह दाखला आणि लग्नाचा अल्बम घेऊन लोक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत जातात. अडचण पोहोचल्यानंतर सुरू होते. एच-फोर वर राहता येतं, गाडी चालवता येते, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये गेलेल्या कितीतरी मराठी मुली इथे नोकरी करत होत्या, डॉक्टर होत्या, शिक्षिका होत्या. तिकडे बँकेत स्वतःच्या कमाईचा एक डॉलर भरायची परवानगी नाही. २६ मे २०१५पासून त्यांच्यातल्या काहींना काम करण्याचा परवाना मिळू लागला, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तरच. त्या नियमाविरुद्ध जवळजवळ दहा वर्षं खटला चालला. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला आणि परवाना टिकला. त्याच महिन्याच्या ३० तारखेपासून मात्र नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना परवाना आपोआप वाढायची सोय बंद झाली. म्हणजे कागद वेळेत आला नाही, तर बाईने नोकरी थांबवून घरी बसायचं.

ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब का, हे एका हिशेबात कळतं. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त सहसा नाहीत. शिवाय या संख्येत बायको आणि मुलंही मोजली जातात. चौघांचं कुटुंब चार जागा घेतं. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षांत नाही, दशकांत मोजावी लागते. दोन वर्षांचं मूल घेऊन गेलेले आईबाप रांगेतच असतात आणि मूल एकवीस वर्षांचं होतं. त्या दिवशी ते कायद्याने ‘मूल’ राहत नाही आणि आईबापांच्या व्हिसावरून बाहेर पडतं. तिथल्या शाळेत वाढलेल्या मुलाला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. २००२च्या एका कायद्याने वयाच्या हिशेबात थोडी सूट दिली, पण इतक्या लांब रांगेला ती पुरत नाही. घर घ्यायचं ठरवण्याआधी मुलाचा एकविसावा वाढदिवस कोणत्या साली येतो, हे कागदावर लिहून भिंतीला लावा, असं मी तिकडच्या नातेवाइकांना कळकळीने सांगते.

आखाती देशांचा हिशेब सरळ आहे. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांना तो तोंडपाठ आहे. संयुक्त अरब अमिरातीत महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायची जागा, इतकं असेल तर कुटुंब नेता येतं. सोबत साक्षांकित विवाह दाखला. त्याहून कमी मिळवणारा माणूस दोन वर्षांनी सुट्टीत घरी येतो, आणि कोकणातल्या खेड्याखेड्यांतले संसार पिढ्यान्‌पिढ्या असे सुट्ट्यांवर चालले आहेत.

जर्मनी विचारतं, भाषा येते का, आणि कागद अस्सल आहे का? २००७पासून तिथे येणाऱ्या जोडीदाराला साधारणपणे ए-वन पातळीचं जर्मन यावं लागतं. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात ही परीक्षा होते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असलेल्या माणसाच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. माझ्या बहिणीला ती लागू होती. तरीही तिने वर्ग लावला, आणि ते शहाणपणाचं ठरलं. तिकडे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नगर कार्यालयात पत्त्याची नोंद, मग आरोग्य विमा, मग परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याचा परवाना, आणि खिडकीमागच्या माणसाशी बोलायला नवरा रजा टाकून सोबत येऊ शकला नाही. जर्मनीची एक गोष्ट मात्र मनापासून चांगली वाटते: २०१३पासून तिथे कुटुंबासोबत आलेल्या जोडीदाराला नोकरीची पूर्ण मुभा आहे.

कागदांच्या बाबतीत एक गैरसमज इथे दूर करायला हवा. परदेशी चालणारा शिक्का म्हणजे अपोस्टिल, असं एजंट सर्रास सांगतात. भारत १९६१च्या हेग करारात आला आणि १४ जुलै २००५पासून आपल्याकडे अपोस्टिल सुरू झालं, हे खरं. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली, म्हणून या दोन देशांत तो करार लागू झाला नाही. गरज वाटली तर जर्मन वकिलात आपल्या विश्वासातल्या वकिलाकरवी थेट मूळ नोंदवहीच तपासून घेते. म्हणजे ग्रामसेवकाच्या कपाटातलं पिवळं पडलेलं रजिस्टर उघडलं जातं. तिथे जे लिहिलंय तेच खरं.

म्हणून आम्ही दोघी त्या रजिस्टरपासूनच सुरुवात केली. जन्मनोंदीत नाव घालायला नियमाने पंधरा वर्षांची मुदत असते. सरकारने मुदतवाढ दिली की उशिराचेही अर्ज घेतात. तशी मुदतवाढ चालू होती. आजोळी गेलो, शाळेचा दाखला आणि आईचं प्रतिज्ञापत्र दिलं. ग्रामसेवकांनी जुनी वही काढली, वाळवी लागलेलं पान हळुवार उलटलं आणि तिच्या आईवडिलांच्या नावांशेजारच्या रिकाम्या जागेत निळ्या शाईने तिचं नाव लिहिलं. तिने त्या पानावर बोट ठेवलं. आपल्या जन्माच्या कागदावर ती पहिल्यांदा आली होती. विवाह दाखल्यातलं एक जास्तीचं अक्षर काढायला मात्र सात खेपा आणि अडीच महिने गेले. ज्या कार्यालयात ती चूक झाली तिथे ती आपली आहे हे कुणी मान्य करेना. नव्याने अर्ज, नव्याने साक्षीदार, साक्षीदारांतले एक काका तोवर बायपासच्या ऑपरेशनमधून उठलेले. तेवढ्यात नवरा-बायकोचा पहिला दिवाळसण फोनवर झाला.

मग प्रश्न आधारचा. सासरचं नाव ठेवायचं तर पासपोर्ट बदला, पदव्यांसाठी राजपत्रात नावबदल छापून आणा, म्हणजे आणखी काही महिने. माहेरचं ठेवायचं तर एकटं आधार मागे न्यायचं. तिला सासूबाईंशी बोलायचा संकोच वाटत होता. मीच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अहो, तांदळात लिहिलंय ते नाव आपल्या घरात आहेच की. कागदावरचं तिचं तिच्यापाशी राहू दे.” आधार महिनाभरात दुरुस्त झालं. फाइल एका नावाने उभी राहिली, आणि तिला व्हिसा मिळाला.

आईवडिलांना सोबत नेण्याची वाट यांतल्या बहुतेक देशांत बिकट आहे. ब्रिटनमध्ये तर २०१२पासून ती जवळजवळ बंदच झाली. जर्मनीने १ मार्च २०२४पासून पहिल्यांदा परवाना घेणाऱ्या कुशल कामगारांना आईवडील आणि सासूसासरे आणायची मुभा दिली आहे, त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा यांची हमी दिल्यास. एकुलत्या एक मुलांच्या घरांनी ही तरतूद जरूर पाहावी.

कागद जुळत नाहीत म्हणून बनावट कागद जुळवून देतो म्हणणारे एजंट गावोगाव आहेत. त्यांच्या नादी लागू नका. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाली की दहा वर्षांची बंदी येऊ शकते. अमेरिकेत खोटी माहिती दिल्याचा ठपका जन्मभर सुटत नाही. जन्मदाखल्यात नाव नसणं हा गुन्हा नाही. त्यासाठी बनावट दाखला जोडणं मात्र गुन्हा ठरतो.

ज्यांच्या घरात मुलीचं लग्न ठरलं आहे, मग ती परदेशी जाणार असो वा नसो, त्यांना माझी विनंती आहे. हॉल बुक कराल त्याच आठवड्यात तिचा जन्मदाखला काढून वाचा. त्यात नाव आहे का, आईवडिलांची नावं पासपोर्टसारखीच आहेत का, एकेक अक्षर बघा. महाराष्ट्रात लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत विवाह नोंदणी करायची असते, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते; गुरुजी आणि काका समोर असतानाच तो अर्ज भरून टाका, आणि दाखला हातात पडल्यावर खिडकीसमोरून हलण्याआधी हिज्जे तपासा. आणि तिचं नाव बदलायची घाई करू नका. तिला विचारा. तांदळात लिहायला एक नाव असू द्या, पासपोर्टवर तिचं आहे तेच राहू द्या.